ग्लासगोचा चिझम आणि आपली आसावरी

हॅरो (युनायटेड किंगडम)

स्कॉटलंड म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर काय येतं ते ठरलेलं आहे. एडिनबराचा किल्ला, लॉख नेस, भुरभुर पाऊस, आणि रस्त्याच्या कडेला किल्ट घालून बॅगपाइप वाजवणारा धिप्पाड गडी. भारतातून आई-बाबा आले की त्यांचा त्या गड्याशेजारी एक फोटो होतोच. पण त्या बॅगपाइपच्या मागे एक जुनं, अवघड, गुरुमुखातून आलेलं संगीत आहे हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. त्या संगीतावर जीव टाकणारा एक स्कॉटिश संगीतकार पुढे थेट आपल्या आसावरी आणि श्री रागापर्यंत येऊन पोचला. त्याचं नाव एरिक चिझम. इंग्रजी स्पेलिंग पाहून 'चिशोल्म' वाचाल, उच्चार मात्र चिझम.

४ जानेवारी १९०४ ला ग्लासगोच्या कॅथकार्ट भागात त्याचा जन्म झाला. वडिलांचा घरं रंगवण्याचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव मॅक्लाउड. पोरगं तब्येतीनं नाजूक होतं, त्यामुळे तेराव्या वर्षीच शाळा सुटली. शाळा सुटली पण पियानो सुटला नाही. ग्लासगोच्या अथेनियम संगीतशाळेत फिलिप हॉलस्टेडकडे पियानो, कॅथीड्रलच्या हर्बर्ट वॉल्टनकडे ऑर्गन, आणि पुढे लेफ पुइश्नॉफ या रशियन पियानोवादकाकडे शिक्षण, अशी तयारी झाली. लहानपणापासून त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट होती, पॅट्रिक मॅक्डोनाल्ड नावाच्या पाद्र्याने १७८४ मध्ये छापलेला डोंगराळ मुलखातल्या गेलिक चालींचा संग्रह. या पुस्तकाने त्याला जन्मभर पुरेल इतकं दिलं.

१९२७ मध्ये तो कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेला. तिथल्या न्यू ग्लासगो गावात चर्चचा ऑर्गनवादक आणि जवळच्या पिक्टू अकॅडमीत संगीतशिक्षक. पिक्टू म्हणजे १७७३ मध्ये 'हेक्टर' जहाजातून सुमारे दोनशे स्कॉटिश डोंगरी माणसं जिथे उतरली ते बंदर. घरदार सोडून गेलेली माणसं भाषा आणि गाणी घट्ट धरून बसतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चिझम मात्र तिथे रमला नाही, वर्षभरात परतला. पुढे ग्लासगोच्या बॅरोनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला.

आता एक अडचण. शाळा अर्धवट, हातात दाखला नाही. पुढे त्याची बायको झालेली डायना ब्रॉडी त्याच्या मागे लागली, की ओळखीच्या मोठ्या माणसांकडून शिफारसपत्रं घे आणि विद्यापीठात जा. ती पत्रं गोळा झाली, आणि एडिनबरा विद्यापीठात सर डोनाल्ड टोव्ही यांच्याकडे त्याला प्रवेश मिळाला. १९३१ मध्ये पदवी, १९३४ मध्ये डॉक्टरेट. तेराव्या वर्षी शाळा सोडलेला मुलगा तिसाव्या वर्षी डॉक्टर चिझम झाला.

पण त्याची खरी धमाल याच वर्षांत वर्गाबाहेर चालली होती. १९३० च्या सुमारास त्याने मित्रांबरोबर समकालीन संगीताच्या प्रसारासाठी एक मंडळ काढलं. ग्लासगो हे जहाजं बांधणाऱ्यांचं शहर, त्यात मंदीचे दिवस. अशा ठिकाणी या पठ्ठ्याने युरोपातली एकेक मोठी माणसं बोलावून आणली. हंगेरीचा बेला बार्टोक, जर्मनीचा हिंडेमिथ, पोलंडचा शिमानोव्हस्की, इटलीचा कासेला. लंडनला जे जमत नव्हतं ते ग्लासगोत होत होतं. मंडळ चालवण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना कळेल, की हॉल मिळवणं, तिकिटं खपवणं, पाहुण्यांची राहण्याची सोय करणं आणि शेवटी पदरचे पैसे घालणं यात माणूस किती झिजतो.

आणि या पाहुण्यांत एक नाव आपल्या जवळचं होतं. कैखुश्रू शापुरजी सोराबजी. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, आई इंग्रज, जन्म लंडनजवळ चिंगफर्डचा. सोराबजी भयंकर अवघड आणि लांबलचक पियानोरचना लिहायचे आणि लोकांत फारसे मिसळायचे नाहीत. चिझमशी मात्र त्यांची घट्ट मैत्री जमली, पत्रव्यवहार तर भरपूर. १ डिसेंबर १९३० ला ग्लासगोच्या स्टीव्हन्सन हॉलमध्ये सोराबजींनी स्वतः आपली 'ओपस क्लाविचेंबालिस्टिकम' ही रचना पहिल्यांदा वाजवली. ही एकच रचना चार तासांच्या वर चालते! आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या मैफलींची सवय आहे, पण डिसेंबरच्या थंडीत लाकडी खुर्चीवर चार तास नवीन पियानोसंगीत ऐकणाऱ्या त्या ग्लासगोकरांना माझा नमस्कार. पुढे १९३६ नंतर सोराबजींनी आपलं संगीत जाहीर वाजवायला चाळीस वर्षं परवानगी दिली नाही, म्हणजे चिझमने ती संध्याकाळ घडवली नसती तर ती रचना कितीतरी काळ नुसती कागदावर राहिली असती.

त्याच काळात तो ग्लासगो ग्रँड ऑपेरा सोसायटीचा संचालक होता. हे हौशी मंडळ, आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात तसं. या हौशी मंडळींकडून त्याने १९३४ मध्ये मोझार्टचा 'इडोमेनिओ' आणि १९३५ मध्ये बर्लिओझचा अवाढव्य 'ले ट्रॉयन्स' ब्रिटनमध्ये पहिल्यांदा करून घेतला. लंडनच्या कोव्हेंट गार्डनला 'ले ट्रॉयन्स' करायला १९५७ साल उजाडलं. बावीस वर्षं आधी ग्लासगोच्या हौशी लोकांनी ते करून दाखवलं होतं.

आता बॅगपाइपकडे येऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

लग्नात, मिरवणुकीत वाजतं ते बॅगपाइपचं हलकं संगीत. त्याचं जे भारी, शास्त्रोक्त संगीत आहे त्याला पिब्रोक म्हणतात. आधी एक संथ मूळ चाल, तिला गेलिकमध्ये 'उर्लार' म्हणजे जमीन असं नाव. मग त्याच चालीवर एकामागून एक विस्तार, प्रत्येक विस्तार आधीच्यापेक्षा अधिक अलंकारांनी भरलेला, शेवटी बोटांची अशी काही तयारी लागते की ऐकणारा चक्रावतो. आणि हे सगळं झालं की वादक शांतपणे मूळ चालीवर परत येतो. खाली तीन नळ्यांचा अखंड स्वर चालूच असतो, आपल्या तंबोऱ्यासारखा. हे वाद्य मध्येच थांबवता येत नाही, आवाज लहानमोठा करता येत नाही, त्यामुळे स्वर एकमेकांपासून वेगळे करायचे तर कणस्वरच लागतात. शिकवण्याची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. कागदावर स्वरलेखन नाही, गुरू तोंडाने अक्षरं म्हणतो आणि शिष्य ती पाठ करतो. ठरावीक अक्षर म्हणजे ठरावीक स्वर, ठरावीक अलंकार. तबल्याचे बोल घोकून बसलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. स्काय बेटावर मॅक्रिमन घराण्याने पिढ्यान्पिढ्या मॅक्लाउड सरदारांच्या पदरी ही विद्या सांभाळली. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

चिझमने हे पिब्रोक उचललं आणि पियानोवर, वाद्यवृंदावर आणायचं मनावर घेतलं. १९३२ मध्ये बार्टोक ग्लासगोला आला तेव्हा चिझमने त्याला हे संगीत दाखवलं, ऐकवलं. हंगेरीच्या खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करणारा बार्टोक असा खूश झाला की परत जाताना बॅगपाइपची सरावाची नळी आणि पिब्रोकची पुस्तकं घेऊनच गेला. दुसऱ्या वर्षी परतही आला. पुढे लोकांनी चिझमचं नाव गमतीनं 'मॅकबार्टोक' पाडलं. नाव मजेशीर आहे, पण त्यामुळे तो कोणाची तरी नक्कल करत होता असं वाटायला लागतं, आणि तो अन्याय आहे. बार्टोक येण्याआधीपासून तो त्या गेलिक चालींमध्ये बुडालेला होता. तीसच्या दशकात त्याने लिहिलेल्या पहिल्या पियानो कन्चेर्टोचं नावच 'पिब्रोक'.

यात त्याला जी अडचण आली असणार ती आपल्या फार ओळखीची आहे. बॅगपाइपला स्वर नऊच, आणि ते पियानोच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. काही स्वर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतात. ते पियानोवर आणले की मधली जागा हरवते. हीच तक्रार आपल्याकडे पेटीबद्दल होती. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीच्या बाजूने जोरात लिहिणारा माणूस कोण होता? जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकार, दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख. बंदी लागू होण्याआधीच, १९३९ मध्ये, तो कलकत्त्याला वारला. इंग्रज माणूस म्हणतो राग पट्ट्यांवर वाजवू नका, आणि दहा वर्षांत एक स्कॉटिश माणूस नेमके तेच राग पियानोवर मांडून बसतो. गंमतच आहे.

तर तो भारतात कसा आला? दुसरं महायुद्ध सुरू झालं. चिझमला मुळात लढायचंच नव्हतं, त्यात नजर अधू आणि एक हात वाकडा, त्यामुळे सैन्यात घेतलाच नाही. (वाकड्या हाताने तो पियानो कसा वाजवत असेल याचं मला कुतूहल आहे.) काही काळ कार्ल रोझा ऑपेरा कंपनीबरोबर फिरला, मग सैनिकांच्या करमणुकीसाठी असलेल्या 'एन्सा' संस्थेत दाखल झाला. १९४३ मध्ये बॅले कंपनी घेऊन इटलीत, आणि त्यानंतर आग्नेय आशिया विभागाचा संगीत संचालक म्हणून भारतात. इथे त्याने निरनिराळ्या वंशांच्या वादकांना एकत्र बसवून वाद्यवृंद उभा केला. त्या काळात मुंबईत व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारे म्हणजे बहुतेक गोवेकर, जोडीला पारशी, अँग्लो इंडियन आणि हिटलरच्या भीतीने पळून आलेले युरोपियन ज्यू. पुढे सिंगापूरला जाऊनही त्याने असाच मिश्र वाद्यवृंद बांधला.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो केपटाऊन विद्यापीठात संगीताचा प्राध्यापक आणि तिथल्या संगीत महाविद्यालयाचा प्रमुख झाला. म्हणजे ग्लासगो सुटलं ते सुटलंच. आणि तिथे बसून, भारतापासून आणि स्कॉटलंडपासून सारख्याच लांब, त्याने १९४९ मध्ये दुसरा पियानो कन्चेर्टो लिहिला. नाव 'हिंदुस्थानी'.

हे नाव त्या देशात त्या वर्षी काय होतं ते बघा. १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेने हिंदी लोकांच्या जमीन घेण्यावर आणि राहण्याच्या जागांवर बंधनं घालणारा कायदा केला होता. भारताने त्या देशाशी व्यापार तोडला होता. १९४८ मध्ये वर्णभेदाचं सरकार आलं. जानेवारी १९४९ मध्ये डर्बनमध्ये हिंदी वस्त्यांवर हल्ले झाले. आणि त्याच साली केपटाऊनमध्ये अ‍ॅडॉल्फ हॅलिस या दक्षिण आफ्रिकन पियानोवादकाने 'हिंदुस्थानी' कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. चिझमने हे राजकीय हेतूने केलं असं मी म्हणणार नाही. पण गोऱ्या श्रोत्यांसमोर ते नाव छापलं गेलं, आणि राग हा संगीताचा पाया म्हणून मांडला गेला, सजावट म्हणून नव्हे. एवढं तर खरंच.

कन्चेर्टोचे तीन भाग. पहिला आसावरीवर, दुसरा श्री रागावर आणि तिसरा ज्याला तो 'वसंती' म्हणतो त्यावर. १९५२ मध्ये त्याचा व्हायोलिन कन्चेर्टो आला, त्यात वसंती पुन्हा आहे आणि शिवाय सोहनी आणि सारंग. तो पहिल्यांदा वाजवला शिमोन गोल्डबर्गने. हा पोलिश ज्यू व्हायोलिनवादक युद्धात जावामध्ये जपान्यांच्या कैदेत होता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आसावरी ऐकायच्या अपेक्षेने हा कन्चेर्टो लावलात तर पहिली पाच मिनिटं निराशा होईल. आसावरीचे कोमल गंधार, धैवत, निषाद पाश्चात्त्य कानाला त्यांच्या मायनर सप्तकासारखेच लागतात. आमच्या घरी पियानोच्या परीक्षा देणारी मुलगी आहे, तिने ऐकून शांतपणे मायनर म्हणून टाकलं. धैवतावरचं आंदोलन पियानोवर येणार कुठून? आणि खाली वाद्यवृंदाचे दणदणीत स्वरसमूह, एकदम लोखंडी. आपल्या घरातल्या ज्येष्ठ मंडळींना हे राग म्हणून ऐकवाल तर ते नाक मुरडतील, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही.

तरीही दुसरा भाग ऐका. श्री रागाचा कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम, तिन्हीसांजेचं ते गंभीर, जरा भीतीदायक वातावरण. इथे चिझमने एक चाल घेऊन तिचे विस्तार केले आहेत. आणि ऐकता ऐकता कळतं, की हा माणूस पिब्रोकच करतोय! मूळ जमीन, मग थरावर थर, खाली धरून ठेवलेला स्वर. त्याला राग कळला तो त्याच्या स्वतःच्या घरातल्या संगीतामुळे. आपल्याकडे रागाची बढत म्हणतात ती त्याने स्काय बेटावरून आलेल्या वाटेने गाठली. पुस्तकातून रागाचे आरोह-अवरोह उतरवून घेणारे युरोपियन संगीतकार बरेच झाले, त्यांच्या रचनांत राग पाहुण्यासारखा येतो आणि जातो. चिझमच्या या भागात तो घरात राहतो असं मला वाटतं. संगीताच्या जाणकारांनी मला खोडून काढावं, माझी हरकत नाही.

केपटाऊनला त्याने काम मात्र पूर्वीसारखंच केलं, म्हणजे दुसऱ्यांचं. विद्यापीठाची ऑपेरा कंपनी उभी केली. १९५६-५७ च्या हिवाळ्यात ती लंडनला आणून बेकर स्ट्रीटजवळच्या रुडॉल्फ स्टायनर हॉलमध्ये खेळ केले. बार्टोकचा 'ब्लूबिअर्ड्स कॅसल' ब्रिटनच्या रंगभूमीवर पहिल्यांदा तेव्हा आला. आपण हॅरोकर मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीटला उतरतो आणि मादाम तुसाँच्या रांगेकडे बघत पुढे जातो. दुसऱ्या बाजूला पार्क रोडवर पाच मिनिटं चाललं की ती इमारत आहे, आत जिनाही बघण्यासारखा आहे.

स्वतःचं लिहिणं रात्री, उरलेल्या वेळात. शंभराहून अधिक रचना झाल्या, त्यात ऑपेरे, बॅले, सिंफनी, गाणी आणि ढीगभर पियानोसंगीत. छापल्या गेल्या अगदी मोजक्या. दुसरं लग्न लिलास स्कॉटशी झालं, ती त्याच्या जुन्या मित्राची, संगीतकार फ्रान्सिस जॉर्ज स्कॉट यांची मुलगी. चेक संगीतकार यानाचेकच्या ऑपेरांवर पुस्तक लिहायला घेतलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये छापून आलं. ८ जून १९६५ ला केपटाऊनमध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ६१.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं शांतता. स्कॉटलंडच्या लेखी तो दक्षिण आफ्रिकेत गेलेला माणूस, दक्षिण आफ्रिकेच्या लेखी तो बाहेरून आलेला प्राध्यापक. हस्तलिखितं केपटाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात खोक्यांत. ग्लासगोत ज्यांनी बार्टोक आणि सोराबजी त्याच्यामुळे ऐकले, त्यांच्यापैकी कितींना त्याची स्वतःची एखादी चाल आठवत होती, कोण जाणे.

शेवटी कामाला लागली ती त्याची मुलगी, मोराग. २००१ मध्ये तिने वडिलांच्या नावाने न्यास काढला. हस्तलिखितांच्या प्रती काढणं, ती वाजवण्याजोगी करून घेणं, वादकांच्या मागे लागणं, सगळं. मरे मॅक्लाक्लन या पियानोवादकाने पियानोरचनांच्या एकामागून एक सीडी केल्या. २००९ मध्ये जॉन पर्सर यांनी चरित्र लिहिलं. २०१२ मध्ये डॅनी ड्रायव्हर आणि बीबीसी स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्रा यांनी दोन्ही पियानो कन्चेर्टोंचं ध्वनिमुद्रण काढलं, पिब्रोक आणि हिंदुस्थानी एकाच सीडीवर शेजारी शेजारी. व्हायोलिन कन्चेर्टोही २०१८ मध्ये आला. हे सगळं आता फोनवर ऐकता येतं. आधी पिब्रोकचा संथ भाग लावा, लगेच त्यामागून हिंदुस्थानीचा दुसरा भाग, आणि जमलं तर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला.